शिखर, तळ आणि खिंड

गणिताचा आणि माझा काडीमोड होऊन आता २८ वर्षे झाली. तो परस्परांच्या संमतीने झाला, असे मी चारचौघांत सांगत आलो आहे. खरे म्हणजे गणितानेच मला टाकले. बारावीला १०० पैकी ४१ गुण घेऊन मी विज्ञानशाखेच्या दारातून बाहेर पडलो आणि मराठीच्या ऐसपैस ओसरीवर येऊन जो टेकलो, तो अजून तिथेच आहे. कॉलेजात मी मराठी शिकवतो. शिलालेखांतले मराठी, संतांचे मराठी, नवकवींचे मराठी, सगळे शिकवतो. दूधवाल्याचा हिशेब मात्र सौ. बघते.

घरात अण्णा आहेत. अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७९. हयातभर त्यांनी हायस्कुलात गणित शिकवले आणि अजूनही भाजीवाल्याने सुटे पैसे परत दिले की ते मनातल्या मनात पडताळा घेतात. 'जवळपास' हा शब्द त्यांच्या कोशात नाही. बारावीचा गणिताचा पेपर देऊन मी आलो त्या संध्याकाळी त्यांनी मला प्रश्नपत्रिका घेऊन समोर बसवले होते. एका गणिताचे उत्तर यायला हवे होते ३. माझे आकडेमोडीत कुठेतरी घसरून २.९ आले होते. "अण्णा, जवळपास आलंय की!" मी म्हणालो. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, आणि म्हणाले, "गणितात जवळपास नसतं. जवळपास म्हणजे चूक." त्यानंतर आम्हा दोघांत गणिताविषयी एक अक्षर निघाले नाही. जूनमध्ये मी कलाशाखेचा अर्ज भरला, त्याही दिवशी नाही.

यंदा आमची कन्या बारावीला आहे, आणि विज्ञानाला आहे. सहामाहीचे पेपर दसऱ्याच्या सुमारास हाती आले. गणिताचा पेपर तिने माझ्यापुढे अशा थाटात टाकला, की हा पराक्रम आनुवंशिक असून त्याची जबाबदारी माझ्यावर आहे. पाच गुणांच्या एका गणितापुढे तांबड्या शाईत दोन गुण आणि एकच शब्द होता : 'कशावरून?' सारा पेपर इंग्रजीत आणि हा एवढाच शब्द मराठीत, म्हणजे बाई चांगल्याच वैतागल्या असल्या पाहिजेत.

"बाबा, बारावी झाली की मी आर्ट्सला जाते. तुमच्यासारखी."

आमच्या शाखेकडे कोणी वळत असेल तर मला आनंद व्हायला हवा. वर्गातली बाके हल्ली रिकामी असतात. पण ती हे म्हणत होती ते मराठीच्या ओढीने नव्हे, पळून जाण्यासाठी. त्या सुराची मला चांगली ओळख आहे. तेवढ्यात आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला, "बरोबर आहे. परंपराच आहे ती घराण्याची."

मी पेपर उचलला. ज्ञानाच्या ओढीने उचलला असे म्हणणार नाही. अपमानाने उचलला.

गणित असे होते. एक संख्या घ्यायची, तिला गणिताच्या रिवाजाप्रमाणे क्ष म्हणायचे. क्षचा चौथा घात करायचा आणि त्यातून क्षच्या घनाची चौपट वजा करायची. गिरणीत दाणे घालावेत आणि पीठ बाहेर यावे, तशी एक संख्या आत जाते आणि दुसरी बाहेर येते. अशा गिरणीला गणितज्ञ 'फलन' म्हणतात. आत घातलेल्या संख्या आडव्या रेषेवर मांडल्या, बाहेर पडलेल्या त्यांच्या उंचीवर मांडल्या, की कागदावर एक वाट उमटते. कुठे चढणारी, कुठे उतरणारी. प्रश्न एवढाच, की या वाटेवर शिखर कुठे आणि तळ कुठे? पाठ्यपुस्तकाच्या भाषेत, कमाल कुठे आणि किमान कुठे?

रीतही सोपी आहे. वाटेला प्रत्येक ठिकाणी किती चढ आहे हे सांगणारे दुसरे एक फलन काढता येते. मराठीत त्याला 'अवकलज' असा दणकट शब्द आहे. कन्या 'डेरिव्हेटिव्ह' म्हणते. मी नुसता 'चढ' म्हणेन. डोंगर चढताना चढ धन असतो, उतरताना ऋण. आणि शिखरावर, चढ संपून उतार लागण्याच्या नेमक्या जागी, तो शून्य असतो. तळाशीही शून्यच. म्हणून चढ शून्य कुठे होतो ते शोधायचे. कन्येने शोधले. दोन जागा आल्या : ० आणि ३. इथवर बिनचूक. मग तिने लिहिले होते : पहिल्या जागी कमाल, दुसऱ्या जागी किमान.

"हे कशावरून?" मीही बाईंचाच प्रश्न विचारला.

"दोन आल्या ना! मग एक कमाल असणार आणि एक किमान. नेहमी तसंच असतं."

या उत्तरावर मला तिचा राग यायला हवा होता. पण मला ते इतके ओळखीचे वाटले, की हसू आले. नायक आला म्हणजे खलनायक येणारच, या हिशेबाने कादंबऱ्या वाचणारे कितीतरी विद्यार्थी मला दरसाल भेटतात.

आम्ही कागद घेतला आणि आकडे घालून पाहिले. क्ष उणे १ असताना उत्तर येते ५. शून्याला ०. एकला उणे ३. दोनला उणे १६. तीनला उणे २७. चारला पुन्हा ०. म्हणजे वाट डावीकडून उतरत आली, शून्यापाशी क्षणभर सपाट झाली, आणि पुन्हा उतरायला लागली. तिथे शिखरही नाही आणि तळही नाही. वाड्याच्या जिन्यात मधेच एक फरशी असते, म्हाताऱ्या माणसांना दम खायला, तसले काहीतरी ते आहे. खरा तळ तीनला, एकटाच. शिखर या वाटेला नाहीच.

"म्हणजे चढ शून्य आला तरी काहीच नसू शकतं?" कन्या म्हणाली. फसवणूक झाल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

खरोखर, या सगळ्या प्रकरणाची मेख इथेच आहे. चढ शून्य झाला, एवढ्यावरून आपण सपाटीवर आहोत हे कळते. शिखरावर की तळाशी, हे कळत नाही. ज्या जागी उभे आहोत तिथली माहिती कितीही बारकाईने घेतली तरी पाय सपाट आहेत एवढेच ती सांगणार. त्यासाठी आजूबाजूला पाहावे लागते. अलीकडे चढ आणि पलीकडे उतार असेल तर शिखर, उलटे असेल तर तळ, दोन्हीकडे एकच असेल तर जिन्यातली फरशी. याची एक चटपटीत कसोटीही आहे. चढ स्वतः वाढतो आहे की घटतो आहे, हे पाहायचे. घटत असेल तर शिखर, वाढत असेल तर तळ. पण त्या बदलाचेच उत्तर शून्य आले, की कसोटी मुकी होते. कन्येच्या गणितात शून्यापाशी नेमके हेच झाले होते. आणि मुकी झाली म्हणजे तिथे काही नाही असेही नव्हे. नुसता क्षचा चौथा घात घेतला तर शून्यापाशी स्वच्छ तळ असतो, तरी कसोटी गप्पच बसते. साक्षीदार बोलला नाही, म्हणून आरोपी सुटला असे होत नाही.

या जागांना इंग्रजीत 'क्रिटिकल पॉइंट' म्हणतात. आपल्याकडे 'क्रिटिकल' हा शब्द इस्पितळाच्या पायऱ्यांवर ऐकू येतो आणि काळजाचा ठोका चुकवतो. गणितातला अर्थही अगदीच वेगळा नाही. पुढे काय होईल ते अजून ठरलेले नाही, असा तो बिंदू.

त्यात आणखी एक प्रकार असतो. कौलारू घराचे छप्पर आठवून पाहा. दोन्ही बाजूंनी पाखी चढत येतात आणि आढ्यापाशी भेटतात. आढे सर्वांत उंच, यात शंका नाही. पण तिथे चढ शून्य नसतो. तो तिथे सांगताच येत नाही, कारण अलीकडचा एक आणि पलीकडचा दुसरा. म्हणून चढ जिथे मोडतो त्या जागाही या यादीत धराव्या लागतात. शिवाय वाटेची दोन टोके असतात, ती निराळी तपासावी लागतात. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या मुलाची सर्वांत जास्त उंची कधी? दहावीच्या शेवटच्या दिवशी. त्या दिवशी काही त्याची वाढ थांबलेली नसते. आपली मोजणी थांबलेली असते.

आमचे हे चालले असताना स्वयंपाकघरातून चिवड्याच्या फोडणीचा वास येत होता. सौ. दरवर्षी बिल्डिंगमधल्या घरांना फराळ पाठवते. यंदा प्लॅस्टिकचे डबे नकोत, पुठ्ठ्याची खोकी करू, असे तिने जाहीर केले होते आणि पुठ्ठ्याचे चौरस तुकडे कापून आणले होते. बाजू १८ सेंटिमीटर. चारही कोपऱ्यांतून एकेक छोटा चौरस कापायचा आणि कडा वर दुमडायच्या, की झाले वर उघडे खोके. कोपरा लहान कापला तर खोके पसरट आणि उथळ. मोठा कापला तर उंच आणि चिंचोळे.

"कोपरा किती कापला तर चिवडा जास्त मावेल?" हा प्रश्न कोणी विचारला हे सांगितले तर वाचकांचा विश्वास बसणार नाही. तो अण्णांनी विचारला. ते कधी दारात येऊन उभे राहिले होते, आम्हाला कळलेही नाही. प्रश्न त्यांनी नातीला विचारला होता. माझ्याकडे पाहिले नाही.

कन्येने बोटे मोडली आणि वही ओढली. कोपरा १ सेंटिमीटर घेतला तर खोक्यात २५६ घनसेंटिमीटर मावते. २ घेतला तर ३९२. ३ ला ४३२. ४ ला ४००. ५ ला ३२०. मग तिने रीतीप्रमाणे चढ काढला, तो दोन जागी शून्य झाला : ३ आणि ९. या वेळी ती थांबली. स्वतःशीच "कशावरून?" म्हणाली. चढाचा बदल काढला. तीनला तो ऋण, म्हणजे शिखर. नवाला धन, म्हणजे तळ. आणि तळ तो केवढा! कोपरे नऊ-नऊचे कापले की पुठ्ठाच उरत नाही. खोक्यात मावते शून्य. गणिताने ती जागाही इमानाने दाखवली होती. चिवडा भरण्याच्या कामाची ती नव्हती, ही गोष्ट निराळी.

अण्णा पुढे आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "केप्लरचं नाव ऐकलंयस?"

ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे सांगणारा तो केप्लर. १६१३ साली त्याने दुसरे लग्न केले आणि ऑस्ट्रियातल्या लिंझ गावच्या घरात दारूची पिंपे आणवली. विक्रेता आला, पिंपाच्या पोटावरच्या भोकातून त्याने एक काठी तिरकी आत घातली, ती कुठवर भिजली ते पाहिले आणि पैसे सांगितले. पिंप बुटके असो की लांबोडे, काठी तीच, दर तोच. नवऱ्यामुलाचे डोके फिरले. काठी तेवढीच भिजवणाऱ्या पिंपांत सर्वांत जास्त दारू मावणारे पिंप कोणत्या आकाराचे, याचा त्याने छडा लावला आणि १६१५ साली त्यावर लॅटिनमध्ये आख्खा ग्रंथ छापला. त्याला दोन गोष्टी आढळल्या. ऑस्ट्रियातले पिंप बनवणारे कारागीर, भूमिती न शिकताही, उत्तम आकाराच्या अगदी जवळ होते. आणि दुसरी गोष्ट अशी, की उत्तम आकाराच्या आसपास थोडे इकडेतिकडे झाले तरी मावणाऱ्या दारूत फरक जवळजवळ पडतच नाही.

दुसरी गोष्ट ऐकून मी कान टवकारले. पण अण्णा पुढे निघून गेले होते.

केप्लरनंतर काही वर्षांनी फ्रान्समधल्या तुलूझच्या न्यायालयातल्या फर्मा नावाच्या अधिकाऱ्याने याच निरीक्षणाची रीत केली. शिखरापाशी बदल थांबतो. तर मग बदल थांबतो कुठे, हेच समीकरण मांडून शोधा. पुढे १६८४ साली लायब्निट्सने कलनशास्त्रावरचा पहिला छापील लेख प्रसिद्ध केला, त्याच्या मथळ्यातच 'कमाल आणि किमान यांसाठी नवी रीत' असे शब्द आहेत. बारावीच्या पुस्तकात हे प्रकरण मागच्या बाकावर बसल्यासारखे येते. इतिहासात ते दारातच उभे होते.

आता अण्णा थांबेनात. "कलनाशिवायही होतं म्हटलं," ते म्हणाले, "नववी-दहावीच्या बीजगणितानं होतं. दिल्लीच्या रामचंद्रांनी केलं." आणि मग त्यांनी मास्टर रामचंद्रांची हकीकत सांगितली. इतकी वर्षे एका घरात राहून मी ती ऐकली नव्हती. मी कधी विचारले नव्हते आणि त्यांनी कधी सांगितले नव्हते.

रामचंद्रांचा जन्म १८२१ साली पानिपतचा. दिल्ली कॉलेजात ते उर्दूतून विज्ञान शिकवत. १८५० साली त्यांनी कमाल-किमानाच्या प्रश्नांवर एक इंग्रजी ग्रंथ कलकत्त्यास स्वखर्चाने छापला. त्यात चढ नाही, अवकलज नाही; निव्वळ वर्गसमीकरण. भास्कराचार्यांच्या बीजगणिताच्या वळणानेच, पण आजच्या प्रश्नांना हात घालणारा. कलकत्त्यात पुस्तकाची हेटाळणी झाली. परंतु एक प्रत लंडनला डी मॉर्गन या नामांकित गणितज्ञाच्या हाती पडली. या डी मॉर्गनचा जन्म १८०६ साली मदुरैचा, हा एक योगायोग. त्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांकडे रामचंद्रांची बाजू मांडली. कंपनीने मानाचा पोशाख आणि २,००० रुपये बक्षीस मंजूर केले, आणि डी मॉर्गनच्या देखरेखीखाली, त्याच्या प्रस्तावनेसह, १८५९ साली ग्रंथ लंडनमध्ये पुन्हा निघाला. मधल्या काळात १८५७ साल येऊन गेले होते. १८५२ साली ख्रिस्ती झालेल्या रामचंद्रांना त्या धामधुमीत जीव वाचवून दिल्लीबाहेर पळावे लागले होते.

रीत मात्र किती साधी! समजा ४० मीटर तारेने आयताकृती वाफा कुंपायचा आहे. एक बाजू क्ष, तर दुसरी २० वजा क्ष. क्षेत्रफळ जास्तीत जास्त किती? रामचंद्र सरळ समीकरणालाच विचारतात : १०१ देतोस? समीकरण म्हणते, नाही. त्या क्षेत्रफळाला खरी बाजूच निघत नाही, वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. १०० देतोस? देतो, बाजू १० घे. झाले. शंभराच्या वर बोली लावता येत नाही, म्हणून शंभर ही कमाल. वर्गमुळाखालच्या ज्या राशीवर हा निवाडा होतो, तिला मराठी शाळेत 'विवेचक' म्हणतात. आमच्या समीक्षेतही विवेचक असतात. पण त्यांचा निवाडा इतका झटपट लागलेला मी पाहिला नाही.

भास्कराचार्यांचे नाव निघाले तेव्हा मला बोलायला जागा मिळाली. माझी आणि त्यांची ओळख गणितातून नव्हे, शिलालेखातून झाली. चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याचा शके ११२८ चा लेख तिथे आहे. बराचसा संस्कृत, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत. बाजारात येणाऱ्या मालावरची ठरावीक रक्कम मठाला द्यावी, असा मजकूर. आम्ही एम. ए. ला त्यातल्या शब्दांची चिरफाड केली. ज्या ग्रंथांसाठी हा खटाटोप, त्यांत काय आहे, हे विचारायचे मात्र राहून गेले. ग्रहाची एखाद्या क्षणाची गती भास्कराचार्यांनी काढली होती, आणि ग्रहाची मध्यम जागा व खरी जागा यांतले अंतर जिथे सर्वांत जास्त होते, तिथे त्या अंतराचा बदल शून्य असतो, हे ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत त्यांनी ओळखले होते. मी हे सांगितले तेव्हा अण्णांनी प्रथमच माझ्याकडे पाहिले. "तुला कुठे भेटलं हे?" असे ते म्हणाले. मी म्हणालो, "मराठीत."

पण या विषयाने माझी खरी पकड घेतली ती नाणेघाटात. त्याच आठवड्यात आमच्या कॉलेजची सहल नाणेघाटाला गेली होती. मुलांना सातवाहनांचा ब्राह्मी लेख दाखवायचा होता. भारतात आकडे कोरलेल्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते, म्हणून आमचे गणिताचे प्राध्यापकही आले होते. कोकणातल्या वैशाखऱ्याकडून चढत आम्ही घाटमाथ्यावर पोहोचलो. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण ओलांडला आणि खिंडीत टेकलो. एका बाजूला नानाचा अंगठा, दुसऱ्या बाजूला जीवधन. पाठीमागे कोकणाचा कडा, पुढे जुन्नरकडचा मंद उतार.

"आपण शिखरावर आहोत की तळाशी?" प्राध्यापकांनी मुलांना विचारले.

चढून चढून पाय भरून आलेली मुले एकमुखाने म्हणाली, "शिखरावर!"

"आणि अंगठ्यावरून उतरून जीवधनकडे निघालेला माणूस काय म्हणेल?"

मुले गप्प झाली. तो माणूस म्हणणार, ही माझ्या वाटेवरची सर्वांत खालची जागा. जागा एकच. पायाखाली सपाटच. एका वाटेने आलेल्याला ती माथा, दुसऱ्या वाटेने आलेल्याला ती तळ, आणि दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. नागमोडी रेघ सोडून आपण डोंगरावर आलो, एका संख्येऐवजी दोन संख्यांची गिरणी घेतली, की शिखर आणि तळ यांच्या जोडीला हा तिसरा प्रकार उभा राहतो. इंग्रजीत त्याला घोड्याच्या खोगिराचे नाव आहे, कारण खोगीरही पुढे-मागे उंच आणि दोन्ही कुशींकडे उतरते. आपल्याकडे आयता शब्द आहे : खिंड. बाजीप्रभूंनी पावन केली तिचे आधीचे नाव घोडखिंड होते, हे आठवून मला उगीचच बरे वाटले.

प्राध्यापकांनी आणखी एक गंमत सांगितली. समुद्रातले एक डोंगराळ बेट घ्या, ज्याच्यावर कुठेही तळे नाही. त्यावर जितकी शिखरे असतील, त्याहून खिंडी बरोबर एक कमी. तीन शिखरे, तर दोन खिंडी. मोजायचीही गरज नाही. का? कल्पना करा की प्रलय झाला आहे आणि बेट बुडाले आहे. पाणी ओसरू लागले की प्रत्येक शिखर वेगळे बेट होऊन वर येते. आणखी ओसरले की एकेका खिंडीपाशी दोन बेटे हातात हात घेतात. प्रत्येक खिंड बेटांची संख्या एकाने कमी करते. शेवटी एकच बेट उरते, म्हणजे खिंडी एकाने कमी असल्या पाहिजेत. शिखरे, तळ आणि खिंडी यांचा हा ताळेबंद विजेच्या आणि चुंबकत्वाच्या समीकरणांनी प्रसिद्ध झालेल्या मॅक्सवेलने १८७० साली एका निबंधात मांडला.

आणि खिंड ओळखायची कशी? मला वाटले, दोन दिशांना पाहिले की झाले. पूर्व-पश्चिम पाहावे, दक्षिण-उत्तर पाहावे. प्राध्यापक हसले. त्यांनी मातीत काडीने लिहिले : क्षचा वर्ग, अधिक यचा वर्ग, अधिक क्ष-य गुणाकाराची तिप्पट. पूर्व-पश्चिम गेलात, दोन्हीकडे चढ. दक्षिण-उत्तर गेलात, दोन्हीकडे चढ. तुम्ही म्हणणार, तळ. पण तिरके जा : क्ष एक घ्या आणि य उणे एक. एक अधिक एक वजा तीन, उणे एक! चारही मुख्य दिशांना चढ दिसत असताना कोनातून वाट खाली गेलेली. म्हणून सगळ्या दिशांचा निवाडा एकदम करणारी राशी लागते. दोनाहून अधिक संख्यांच्या फलनांसाठीही चालेल अशी कसोटी लाग्रांजने १७५९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी दिली. "आणि दोन संख्यांपुरती ती राशी म्हणजे," प्राध्यापक म्हणाले, "तुमचा शाळेतला विवेचकच."

घरी आल्यावर मी हे अण्णांना सांगितले. मातीत लिहिलेले ते फलन जेवणाच्या टेबलावर, हात वाळायच्या आत, बोटाने लिहून दाखवले. २८ वर्षांत मी त्यांना गणितातले काही सांगण्याची ही पहिली वेळ. बोलताना मी एका ठिकाणी अधिकाच्या जागी वजा म्हणालो. कन्येने मला दुरुस्त केले. अण्णा बोलले नाहीत. ताटावर बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "मी कधी तिरकं पाहिलं नाही." ते फलनाविषयी बोलत होते की आणखी कशाविषयी, हे मी विचारले नाही.

वसुबारसेच्या संध्याकाळी खोकी करायला बसलो. कन्येने आर्ट्सचे पुन्हा काही काढले नव्हते; सोडले असेही म्हणाली नव्हती. तिने आपल्या वहीत एक हिशेब करून ठेवला होता, तो अण्णांपुढे सरकवला. कोपरा ३ ऐवजी २.९ कापला तर खोक्यात ४३१.६ घनसेंटिमीटर मावते, आणि ३.१ कापला तरी ४३१.६ च. शिखरावरच्या ४३२ ला अर्ध्या घनसेंटिमीटरचाही धक्का नाही. आणि तेवढीच एका मिलिमीटरची चूक १ सेंटिमीटरच्या कोपऱ्यापाशी केली, तर फरक साडेअठराचा. केप्लरच्या पिंपांची ती दुसरी गोष्ट तिने पुठ्ठ्यावर पडताळून पाहिली होती.

अण्णांनी दोन्ही आकडे बोटाने पुन्हा गुणून पाहिले. हिशेब बरोबर होता. मग त्यांनी पट्टी लावून पहिल्या पुठ्ठ्याच्या चारही कोपऱ्यांवर पेन्सिलीने ३ सेंटिमीटरच्या रेघा मारल्या. हात थोडा कापत होता. एक रेघ जराशी आत गेली. मी पाहिले, आणि त्यांनीही पाहिले.

"काही बिघडत नाही," अण्णा म्हणाले, "इथे जवळपास चालतं." आणि कात्री माझ्या हातात दिली.